टपटप बंद झाल्यावर

काटेमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको ‘अहो’ म्हणायची, लेक ‘बाबा’ म्हणायची, आणि बाकी सगळ्या जगाचे ते काटेमामा. आडनाव काटे होतं म्हणून नव्हे. त्यांच्या पिशवीत कायम दाब मोजायचं एक गेज असायचं, तळहातात मावेल एवढं. कुठल्याही घरात शिरले की बसा-उठा काही नाही, आधी ते गेज नळाच्या तोंडाला लावायचे आणि काटा कुठे जातो ते बघत उभे राहायचे. काटा पडलेला असला की तोंड वाकडं. काटा चढलेला असला की त्याहून वाकडं. कुठल्या घरात त्यांचं तोंड सरळ राहिल्याचं कुणाला आठवत नाही.

नळ, पंप, गिझर, एसी, म्हणजे बंद नळीत जिथे काही कोंडलेलं असतं, मग ते पाणी असो की गॅस, तिथे काटेमामांचं काम. आणि कामाची त्यांची एक पद्धत होती. माणसं तक्रारीचा पाढा वाचायला लागली की ते हात वर करून थांबवायचे. म्हणायचे, “काय बिघडलंय ते राहू द्या. आधी सांगा, शेवटचा हात कुणी लावला?”

त्यांचं ठाम मत होतं, की यंत्र आपणहून फारसं बिघडत नाही. कुणीतरी ते चांगलं करायला जातो आणि मग ते बिघडतं. एका घरात शॉवरची धार सुतासारखी बारीक झाली होती. नवरा-बायको नवा पंप घ्यायला निघाले होते. मामांनी विचारलं, शेवटचा हात कुणाचा? तर गल्लीतली फुटलेली पाइपलाइन कुणीतरी जोडली होती, आणि जोडताना आत गेलेली वाळू येऊन शॉवरच्या जाळीत बसली होती. मामांनी जाळी काढली, टिचकी मारून झटकली, परत बसवली आणि वर जे बोलायला लागले ते जिना उतरेपर्यंत बोलत होते. “नाक चोंदलं म्हणून डोकं बदलणार होतात काय?” नवरा बिचारा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभा.

शिवी त्यांनी कधी दिली नाही. पण बोलणं असं खरमरीत, की लोक म्हणायचे, मामांना बोलवा, पण सासरची माणसं घरी आलेली असताना नको. तरी लोक बोलवायचे. कारण मामा ओरडून गेले की ते काम पुन्हा निघत नसे.

असा हा माणूस एकाच घरात शेळी व्हायचा. ते घर म्हणजे लेकीचं सासर.

एकुलती एक लेक. दिलेलं घर चांगलं होतं, जावई छापखान्यात कामाला, शांत, नेटका, स्वतःच्या हाताने खिळा ठोकणारा. घरात एक नात, ठकू, नुकतीच चालायला लागलेली. आणि विहीणबाई. विहीणबाईंच्या तोंडाला धार होती आणि त्यांना स्वच्छतेचं वेड होतं. फरशीवर पाण्याचा डाग दिसला तरी त्या घरातल्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघायच्या. काटेमामा त्या घरात गेले की खुर्चीच्या टोकावर बसायचे. पिशवी मांडीवर. विचारलं तेवढंच उत्तर. लेक हसायची, म्हणायची, “बाबा, तुम्ही आजारी आहात का?”

तर त्या घरात एक भानगड निघाली. गल्लीत पाण्याचा दाब मधेच पडायचा, आणि पडला की गिझरमधलं गरम पाणी उलटं वाहून नळाच्या लाइनीत जायचं. शेजारणीने थंड पाण्याचा नळ सोडला की तिला ऊन पाणी. गिझर मात्र अर्धा रिकामा. लेकीने फोन केला, मामा गेले, आणि पाणी घरात शिरतं तिथे त्यांनी एक व्हॉल्व्ह बसवला. पाण्याला आत येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही, असा. एकदिशा व्हॉल्व्ह म्हणा. काम झालं. शेजारीण खूश, लेक खूश.

आता यातली मेख काटेमामांना ठाऊक नव्हती असं कुणी समजू नये. पाणी तापलं की फुगतं. आजवर ते फुगलेलं पाणी मागे गल्लीच्या लाइनीत सरकत होतं, कुणाला कळतही नव्हतं. आता मागचं दार बंद झालं. मग त्या फुगलेल्या पाण्याने जायचं कुठे? त्यासाठी एक छोटी टाकी बसवावी लागते, आत रबरी फुगा असलेली. पाणी वाढलं की फुगा दबतो आणि घरातल्या नळ्या सुखाने राहतात. मामांनी ती टाकी बरोबर आणलीही होती. लाल रंगाची, मोठ्या भोपळ्याएवढी. बेसिनच्या वर भिंतीवर कुठे बसेल ते हाताने दाखवत होते, तेवढ्यात विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय?”

“हे... पाणी तापल्यावर जरा...”

“भिंतीवर लटकवणार? हा लाल गोळा? येणारा-जाणारा हात धुताना हेच बघणार का?” विहीणबाई म्हणाल्या. “ह्याच्यावाचून चालतच नाही का?”

हेच दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर? काटेमामांनी पिशवी उचलली असती, म्हणाले असते, चालतं, ब्रेकशिवाय गाडी पण चालते, बसा आणि चालवा. पण लेक विहीणबाईंच्या मागे उभी होती, आणि तिने डोळ्यांनी नुसतं ‘राहू द्या ना बाबा’ केलं. मामांच्या तोंडून निघून गेलं, “तसं चालेल. गिझरला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. दाब वाढला तर तो थोडं पाणी सोडेल. थेंब थेंब.”

लाल टाकी पिशवीत परत गेली. घरी येताना मामा स्वतःशी म्हणाले, पुढच्या खेपेला बसवू, जरा आडोशाला. ती पुढची खेप आली नाही.

कारण थेंब पडायला लागला. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याचं काम इमानाने करत होता. पाणी तापलं की टपटप, टपटप, न्हाणीघराच्या फरशीवर. विहीणबाईंनी खाली डबा ठेवला. डबा भरला. पातेलं ठेवलं, बादली ठेवली. मग एका लग्नाच्या बैठकीत, चार लोकांत, त्या हसत हसत म्हणाल्या, “आमच्या व्याहीबुवांचा हात लागला आणि घराला सर्दी झाली.”

लोक हसले. मामाही हसले. पण ते शब्द त्यांच्या वर्मी बसले. उभ्या आयुष्यात त्यांच्या कामाला कुणी असं म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, “आता बोलावल्याशिवाय मी त्या घराचा नळ उघडणार नाही.”

बायको म्हणाली, “अहो, त्यांचा स्वभावच तसा आहे. तुम्ही कुणाला कमी बोलता का?”

“मी कामावर बोलतो. माणसावर नाही.”

“ऐकणाऱ्याला ते सारखंच लागतं,” बायको म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

मग लेकीचे फोन यायला लागले. नेहमीचेच, ठकूने काय केलं, कोण आलं, कोण गेलं. त्यात मधेच घराच्या बातम्या. पहिली बातमी आली ती अशी. “बाबा, ती टपटप बंद झाली एकदाची! ह्यांनी त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला डमी बसवली. टेप बीप लावून अगदी पक्की. आई खूश आहेत.”

डमी म्हणजे नळीच्या तोंडाला बसवायचं बूच, आट्यांचं, लोखंडी.

इथे काटेमामांनी ओरडायला हवं होतं. फोनमधून हात घालून ती डमी उपटायला हवी होती. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की आपण करून ठेवलेली सर्दी जावयाने बरी केली आणि विहीणबाई खूश आहेत. ते म्हणाले, “बरं.” आणि फोन बायकोच्या हातात दिला. डमीचा विचार रात्री अंथरुणावर आला, नाही असं नाही. पण त्याबरोबर तो सगळा हशाही आठवला. गिझरला थर्मोस्टॅट आहे, पाणी ठरावीक तापलं की तो बंद होतो, इतक्यात काही होत नाही, असं मनाला सांगून ते कुशीवर वळले.

पुढे फ्लशची टाकी वाहायला लागली. आतला बॉलकॉक, म्हणजे पाणी भरलं की बंद करणारा तो चेंडूवाला नळ, दाब सोसेना. जावयाने चांगल्यातला, पितळेचा बसवला. मग बेसिनखालची नळी भर दुपारी फुटली, स्वयंपाकघरापर्यंत पाणी. जावयाने घरातल्या सगळ्या नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या लावल्या. “बाबा, नळ उघडला ना, की पहिल्यांदा एकदम अंगावर येतो, फिस्सकन. मग नीट होतो. दाब चांगला आहे ना आमच्याकडे?” लेक कौतुकाने विचारत होती.

त्या घरात पाणी सुटकेची एकेक वाट शोधत होतं, आणि तो गुणी जावई एकेक वाट बंद करत होता. जे जे कच्चं होतं ते त्याने पक्कं केलं. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. काटेमामा ऐकत होते, ‘बरं’ म्हणत होते, आणि आत कुठेतरी त्यांचा काटा चढत होता. बायको त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणायची, “जाऊन या की एकदा.” ते म्हणायचे, “बोलावलंय का कुणी?”

आणि मग ती दुपार आली.

मामा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गच्चीवर होते. खाली एका लांबट खोलीत बायका मशीनवर बसायच्या, त्यांच्यासाठी जुना मोठा एसी होता. तो चालायचा, पण गार करत नसे. गच्चीवरचं बाहेरचं युनिट बघायला मामा वाकले तर त्याच्या जाळीवर चिंध्यांचा, दोऱ्यांचा, धुळीचा असा थर, की आत हवा जायला वाव नाही. गॅस थंडच होत नव्हता. गेज लावलं तर काटा भलत्याच आकड्यावर थरथरत होता. एवढ्या दाबाला मशीन आपोआप बंद व्हायला हवं, त्यासाठी प्रेशर स्विच असतो. मग हे चालू कसं? मामांनी झाकण उघडलं. स्विचच्या दोन्ही वायरी उपटून एकमेकींना पिळून ठेवल्या होत्या, वर टेप.

“शेवटचा हात कुणी लावला?”

“आला होता एक जण,” बाई म्हणाल्या. “सारखा बंद पडायचा ना. त्याने डायरेक्ट करून दिला. तेव्हापासून चालतोय चांगला, फक्त गार करत नाही.”

झालं. मामांना चेव आला. “बाई, तो बंद पडत होता म्हणजे बोंबलत होता! मला कोंडलंय, मला श्वास घेऊ द्या म्हणून ओरडत होता! आणि तुम्ही काय केलंत? त्याच्या तोंडात बोळा कोंबलात! जो ओरडतो त्याचं ऐकायचं सोडून त्यालाच गप्प करता, आणि वर म्हणता चांगला चालतोय? एक दिवस हा फुटला असता तर खाली त्या बायकांनी...”

खिशात फोन वाजला. लेक.

“बाबा, कामात आहात का? एक विचारायचं होतं. आज गिझरचा लाल दिवा विझतच नाहीये. आणि आतून कसला तरी आवाज येतोय, घुमल्यासारखा. मघाशी ठकूसाठी नळ सोडला तर पाणी नाही, नुसती वाफच आली फुरफुर करत. मी घाबरून बंद केला.”

मामांच्या हातात झाकण तसंच राहिलं. “दिवा कधीपासून विझत नाही?”

“कालपासूनच असेल. अहो, तो मधेच बंद पडायचा ना आठवडाभर, आईंना आंघोळीला गार पाणी यायचं. म्हणून ह्यांनी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने डायरेक्ट करून दिला.”

काटेमामा मटकन गच्चीच्या कठड्यावर बसले. तापणं थांबवणारा थर्मोस्टॅट आता नाही, पाण्याला मागे जायला रस्ता नाही, आणि बाहेर पडायच्या तोंडाला बूच. आणि या सगळ्याची सुरुवात कुणाच्या हाताने झाली, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

“ऐक,” ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. “गिझरकडे जायचं नाही. कुठलाही नळ उघडायचा नाही. घराचा मेन स्विच दाराशीच आहे ना? तो पाड. ठकूला उचल, सासूबाईंना घे आणि रस्त्यावर जा. चपला घालत बसू नकोस.”

“बाबा, काय झालं?”

“आत्ताच्या आत्ता!”

मागे विहीणबाईंचा आवाज आला, “कोण? काय म्हणतायत?” आणि फोन त्यांच्या हातात गेला. “व्याहीबुवा, काय हो हे? पोरीला घाबरवताय कशाला? ठकू आत्ता कुठे झोपलीय. गिझर बंद करते मी, आणि संध्याकाळी हा आला की—”

मामांनी श्वास घेतला. ह्या बाईसमोर आपण कमी पडायचं नाही म्हणून त्यांनी एवढे दिवस घालवले होते. “विहीणबाई,” ते म्हणाले, “चूक माझी आहे. मी अर्धवट काम करून गेलो. तुमच्या न्हाणीघरात बॉम्ब आहे आणि तो मी ठेवलाय. पाया पडतो तुमच्या, पण बाहेर पडा.”

मग विहीणबाई फोन न ठेवताच लेकीला म्हणाल्या, “ठकूला दे माझ्याकडे. चल.” स्विच खटकन पडल्याचा आवाज मामांनी ऐकला.

शिवणवाल्या बाई बघतच राहिल्या. मामांनी तिथली वायर मात्र जाताना उपटली, म्हणाले, “हा लावू नका मी येईपर्यंत,” आणि पिशवी गच्चीवरच टाकून जिना उतरले. स्कूटरवर बसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. वीज बंद झाली, माणसं बाहेर आली, आता तासा-दोन तासांत टाकी आपोआप थंड होईल, कुणी हात लावला नाही म्हणजे झालं. आणि पुढच्याच वळणावर त्यांनी स्कूटर आणखी जोरात पिटाळली. कुणालाही आत जाऊ देऊ नका, हे सांगायचं राहिलं होतं.

गल्लीत पोचले तेव्हा लेक रस्त्याच्या कडेला अनवाणी उभी होती. विहीणबाईंच्या खांद्यावर ठकू, झोपमोड झाल्यामुळे भोकाड पसरलेली. शेजारीण, आणखी दोघं-तिघं. मामांनी माणसं मोजली आणि विचारलं, “कोण आत गेलंय?”

“मी ह्यांना फोन केला,” लेक म्हणाली. छापखाना कोपऱ्यावरच होता. “हे पळतच आले. म्हणाले, डमी मीच बसवलीय, मीच काढतो, मग दाब जाईल.”

काटेमामा धावले. या वयात इतकं धावायची त्यांना सवय नव्हती. घरात शिरले तर आत अंधारल्यासारखं, दिवे गेलेले, पडदे ओढलेले, आणि न्हाणीघराकडून एक खोल घुमणारा आवाज. वीज बंद असूनही. मधूनच टाकीचा पत्रा टक् करून वाजत होता.

जावई स्टुलावर उभा होता. दोन्ही हातांत पाइप-पाना, पाना डमीवर आवळलेला. चेहरा घामाने निथळत होता. डमीच्या आट्यांतून वाफेची एक बारीक रेघ सुटली होती, सुईसारखी, आणि शिट्टी वाजवत होती.

“थांब!” मामा दारातून म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडलं तर तो दचकेल अशी भीती वाटली. “हात काढ. पाना तसाच लोंबू दे.”

“निघतीय मामा, अर्धी फिरली. आणखी एक आटा...”

“आत पाणी नाहीये रे ते. उकळीच्या पुढे गेलंय. डमी निघाली की त्याची वाफ होऊन सगळी तुझ्यावर येईल. सोड. खाली उतर.”

“माझीच चूक आहे. मला वाटलं, थेंब थांबवला म्हणजे...”

“तुझी नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. मी सांगायला पाहिजे होतं, मी सांगितलं नाही. उतर, बाळा.”

‘बाळा’ हा शब्द मामांनी जावयाला त्याआधी कधी म्हटला नव्हता. जावयाने त्यांच्याकडे बघितलं, पान्यावरचे हात काढले आणि एक पाय स्टुलाखाली टाकला. मामांनी पुढे होऊन त्याचा शर्ट पकडला आणि ओढला.

तेवढ्यात डमी सुटली.

ती समोरच्या भिंतीत कुठे बसली ते कुणी पाहिलं नाही, नुसता भिंतीवरची फरशी फुटल्याचा आवाज झाला. मग सगळं पांढरं. मामा मागे फेकले गेले ते दाराबाहेरच्या भिंतीवर आपटले. हातात शर्ट होता, शर्टात जावई होता, एवढं त्यांना कळलं. त्यांनी त्याला तसाच फरफटत बाहेरच्या खोलीत आणला. मागे ती वाफ किंचाळत होती, आणि जावईही.

टाकी फुटली नाही. फुटली असती तर मधली भिंत गेली असती, आणि भिंतीपलीकडे ठकूचं अंथरूण होतं. डमी निघाल्यामुळे टाकी वाचली. पण जावयाची पाठ आणि उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भाजला.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत सगळे एका लांब बाकावर बसून होते. मामांच्या कपाळाला पट्टी, मनगटावर मलम. बायको येऊन त्यांच्या शेजारी बसली होती. डॉक्टर येऊन सांगून गेले, जिवाला धोका नाही. हाताचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. बोटं पूर्वीसारखी चालतील का, ते बघावं लागेल.

लेक आतून आली. रडून झालेलं होतं, चेहरा कोरडा होता. ती मामांच्या समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, ती लाल टाकी बसवली असती तर हे झालं असतं?”

“नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी डमीचं सांगितलं तेव्हासुद्धा?”

मामांनी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. लहान असताना लेक त्यांच्या पिशवीतलं गेज कानाला लावून बसायची, माझे बाबा सगळं दुरुस्त करतात म्हणायची. आता ती म्हणाली, “तुम्ही घरी जा. मला राग काढायचा नाहीये, पण तुम्ही समोर असलात तर निघेल. आणि आज मला ह्यांच्याकडे बघायचंय.”

मामा उठले. बायकोही उठायला लागली, तर लेकीने तिचा हात धरला, “आई, तू थांब.” तेव्हा मामा एकटेच निघाले. लांबलचक बोळ होता, औषधांचा वास भरलेला, आणि त्याच्या टोकाला खिडकीपाशी विहीणबाई उभ्या होत्या. ठकू शेजारणीकडे ठेवली होती. त्यांचे हात रिकामे होते आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. मामांनी नुसते हात जोडले आणि खाली मान घालून पुढे सरकले.

“व्याहीबुवा.”

ते थांबले. आता जे काय येईल ते ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं.

“तुम्ही लोकांच्या घरी जाऊन केवढ्याने ओरडता म्हणे,” विहीणबाई म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती. “आमच्या शेजारणीच्या भावाला तुम्ही रडवलं होतंत, साध्या पंपावरून. मग त्या दिवशी मी तो लाल गोळा नको म्हटलं, तेव्हा माझ्यावर ओरडला का नाहीत?”

मामांना खरं तेच सांगावं लागलं. “लेकीचं घर. वाटलं, तुम्ही नावं ठेवाल.”

“नावं तर मी ठेवतच होते,” विहीणबाई म्हणाल्या. “तरी ओरडायचं होतं.”

मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. काटेमामा त्यांच्या मागे तसेच उभे राहिले. पुढे जायला पाय उचलत नव्हता.